डेटिंग अ‍ॅपची निळी टिक: चेहरा तपासतात, माणूस तुम्हीच तपासा (पाचपैकी अडीच)

अ‍ॅप दिसतं कसं, मॅच किती मिळतात, हे सगळं बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय त्यामुळे मी त्यात पडत नाही. हा रिव्ह्यू फक्त सेफ्टीवाल्या फीचर्सचा आहे, म्हणजे निळी टिक, रिपोर्टचं बटण, चॅटमध्ये मधेच येणाऱ्या वॉर्निंग आणि पेड प्लॅनमध्ये 'जास्त सुरक्षित' म्हणून जे काय देतात ते. अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाहीये, एक तर मला कुणाशी भांडायचं नाही आणि दुसरं म्हणजे मोठ्या अ‍ॅप्समध्ये हे प्रकरण थोड्याफार फरकाने सारखंच आहे, रंग बदलतो फक्त.

आधी टिक. सेल्फी व्हिडिओ काढायचा, मान इकडे तिकडे वळवायची, मग सॉफ्टवेअर तो चेहरा तुमच्या प्रोफाइलच्या फोटोंशी जुळवून बघतं आणि जुळला की टिक मिळते. पटकन होतं, त्रास काही नाही, या भागाला पूर्ण मार्क. पण ही टिक नक्की काय सांगते ते नीट समजून घ्या. ती एवढंच सांगते की ज्याने व्हिडिओ काढला त्याचा चेहरा फोटोतल्या चेहऱ्याशी जुळतोय. नाव खरं का, वय खरं का, लग्न झालंय का, नोकरी आहे का, हेतू काय, यातलं काहीही कुणी तपासलेलं नसतं. काही अ‍ॅप्स आता सरकारी ओळखपत्र पण मागतात पण बऱ्याच ठिकाणी ते ऐच्छिक असतं आणि ज्याला फसवायचंय तो ऐच्छिक गोष्ट कशाला करेल. वर टिकवालं अकाउंट हॅक करून किंवा दुसऱ्याकडून विकत घेऊन पण वापरता येतं. तरी अ‍ॅप जाहिरातीत ती टिक अशी मिरवतं की जणू चारित्र्याचा दाखलाच दिलाय, आणि माझा पहिला राग तिथेच आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण सांगते. एक मॅच झाला, टिक होती, फोटो छान, जहाजावर इंजिनिअर. पहिल्याच दिवशी 'गुड मॉर्निंग डिअर' आणि त्याखाली एवढा मोठा परिच्छेद की मी आयुष्यात प्रामाणिकपणाला किती महत्त्व देतो, माझी पत्नी वारली, मला खऱ्या नात्याची ओढ आहे वगैरे. एका दमात एवढं कोण टाइप करतं? फोटोत त्याच्या मांडीवर एक मोठा तपकिरी कुत्रा होता म्हणून मी विचारलं, कुत्र्याचं नाव काय. उत्तर आलं, 'मी प्राणी पाळत नाही, कामामुळे वेळ मिळत नाही.' मी म्हटलं मग फोटोत कोण आहे? बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि मग आलं, 'ओह तो, मित्राचा.' त्यानंतर लगेच, 'तुझं हसू फार सुंदर आहे, मी इथे जास्त येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलूया का?' बास. त्याला स्वतःच्याच फोटोत काय आहे ते माहीत नव्हतं. तेव्हापासून माझी सवयच झालीये, फोटोतल्या मागच्या एखाद्या फालतू गोष्टीबद्दल विचारायचं. खरा माणूस त्यावर कंटाळा येईपर्यंत बोलतो.

ते 'व्हॉट्सअ‍ॅपवर बोलूया' जरा सविस्तर सांगते, कारण सगळं पाणी तिथेच मुरतं. खऱ्या माणसांना पण अ‍ॅपवरच्या चॅटचा वैताग येतो, ते पण नंबर मागतात, त्यामुळे नुसता नंबर मागितला म्हणजे फ्रॉड असं नाही. पण स्कॅमवाल्याला घाई असते कारण अ‍ॅपवरचं त्याचं अकाउंट कधीही उडू शकतं, कुणीतरी रिपोर्ट केलं की संपलं. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर एकदा तुम्ही गेलात की इकडचं अकाउंट उडालं तरी त्याचं काही अडत नाही. आणि अ‍ॅपची ती वॉर्निंग, लिंक ओळखणारं फिल्टर, रिपोर्टचं बटण, हे सगळं मागे राहतं. म्हणजे ज्या फीचर्सचा मी रिव्ह्यू लिहितेय ती सगळी बरोब्बर त्या क्षणी संपतात जिथून खरा खेळ सुरू होतो. अ‍ॅपवाल्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. नंबर टाइप केला की एक छोटी पट्टी येते 'काळजी घ्या' म्हणून, ती मी वाचायच्या आधीच गायब होते.

एक प्रकार मात्र लक्षात ठेवाच. समोरचा म्हणतो, मला पूर्वी वाईट अनुभव आलाय, भेटायच्या आधी तू या साइटवर तुझं 'सेफ्टी व्हेरिफिकेशन' कर, फुकट आहे. लिंक देतो. तिथे नाव, फोन, ईमेल आणि मग कार्ड नंबर, का तर म्हणे वय तपासायला. नंतर कार्डवरून दर महिन्याला कसल्या तरी सबस्क्रिप्शनचे पैसे जात राहतात. अमेरिकेच्या एफबीआयने या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. सुरक्षिततेच्याच नावाने लुटायचं, कमाल आहे की नाही! अ‍ॅपचं व्हेरिफिकेशन अ‍ॅपच्या आतच होतं, मॅचने पाठवलेल्या लिंकवर कधीच होत नाही, आणि हे वाक्य अ‍ॅपने चॅटच्या वरच ठळक लिहून ठेवायला हवं, ते कुठेतरी मदत विभागात खाली गाडून टाकलंय.

फोटो तपासायला अ‍ॅपमध्ये काहीच नाही, ते बाहेरून करावं लागतं. गूगल लेन्स आणि टिनआय दोन्ही फुकट आहेत. टिनआय २००८ पासून आहे, ते तोच फोटो किंवा त्याचा कापलेला तुकडा नेटवर दुसरीकडे कुठे आहे ते शोधतं, चेहरा ओळखत नाही. लेन्स मिळतंजुळतं काहीही दाखवतं, मला एकदा त्या माणसाऐवजी त्याच्या शर्टाच्या जाहिराती दाखवत बसलं. तरी दोन्हीकडे टाकून बघाच, तोच फोटो तिसऱ्याच नावाने कुठल्यातरी मॉडेलच्या पेजवर सापडला की विषय संपतो. उलटं मात्र धरू नका. काही सापडलं नाही म्हणजे माणूस खरा असं होत नाही, कारण फोटो कुणाच्या बंद अकाउंटमधून उचललेला असू शकतो किंवा एआयने बनवलेला असू शकतो आणि त्याचा मूळ फोटो कुठेच नसतो मग सापडणार काय.

व्हिडिओ कॉल फीचर अ‍ॅपमध्येच आहे, नंबर न देता बोलता येतं, हे मला खरंच आवडलं आणि लोक ते वापरत का नाहीत कळत नाही. कॅमेरा बिघडलाय, नेट नाही, जहाजावर परवानगी नाही ही कारणं आठवडा उलटला तरी चालू असतील तर सोडून द्या. पण कॉल झाला म्हणून गंगेत घोडं न्हालं असंही नाही. २०२४ मध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी २७ जणांची टोळी पकडली, डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेला खोटा चेहरा, वापरून प्रेमाच्या नावाखाली साधारण ४.६ कोटी अमेरिकी डॉलर उकळलेले. शिवाय काही टोळ्या कॉलसाठी खऱ्या मॉडेल पगारावर ठेवतात, म्हणजे चेहरा जिवंत माणसाचा पण चॅट करणारा दुसराच. आणि तो दुसरा तरी स्वखुशीने बसलाय का? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये सांगितलं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामात जबरदस्तीने अडकवलेले असू शकतात. हे वाचल्यापासून त्या 'गुड मॉर्निंग डिअर'वाल्याला शिव्या देताना पण जरा अडखळायला होतं. अर्थात ब्लॉक करताना नाही.

पैसे कसे मागतात याबद्दल आपल्या डोक्यात जुनं चित्र आहे, तेलाच्या विहिरीवरचा इंजिनिअर आणि त्याचा अडकलेला पगार. अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ च्या तक्रारींमधल्या थापा मोजल्या तेव्हा तेलविहीर किंवा जहाजवाली थाप जेमतेम ६ टक्के निघाली. सगळ्यात वर होती 'मी किंवा माझं जवळचं कुणी आजारी आहे, जखमी आहे, तुरुंगात आहे', २४ टक्के. आणि 'मी तुला गुंतवणूक शिकवतो' १८ टक्के. हा गुंतवणूकवाला फार वाईट, कारण यात तो पैसे मागतच नाही! आठवडेच्या आठवडे जेवलीस का, झोपलीस का, एवढंच चालतं. मग सहज सांगतो की माझे काका ट्रेडिंगमधले आहेत, आज थोडा फायदा झाला, आणि एक स्क्रीनशॉट. तू विचारशील तेव्हाच तो शिकवेल, आधी नको नको पण म्हणेल. अ‍ॅप किंवा वेबसाइट तो देतो, ती दिसायला एकदम खरी, आकडे हलतात, आलेख वर जातो. सुरुवातीला थोडे पैसे काढून पण देतात, तीच गोम आहे, कारण खात्यात पैसे परत आले की माणसाचा संशयच जातो आणि मग तो बचत मोडून टाकतो. मोठी रक्कम काढायला गेलात की आधी टॅक्स भरा, मग फी भरा, मग खातं गोठलंय ते सोडवायला आणखी भरा. स्क्रीनवरचा फायदा नुसते टाइप केलेले आकडे असतात, पैसे पहिल्या दिवशीच गेलेले असतात. याच्या पुढचा टप्पा म्हणजे काही दिवसांनी 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो' म्हणून कुणी वकील किंवा हॅकर मेसेज करतो आणि आगाऊ फी मागतो, तो पण बऱ्याचदा त्यांच्यातलाच.

खासगी फोटो मागणं आणि मग नातेवाइकांना पाठवीन म्हणून धमकावणं, याबद्दल एवढंच की एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका, पोलिसात जा.

रिपोर्टचं बटण. शोधायला सोपं, कारणांची यादी पण बरी आहे. पण मोठी खोट अशी की समोरच्याने तुम्हाला अनमॅच केलं, म्हणजे जुळलेली जोडी तोडली, की अख्खं चॅट गायब, बटणासकट! माझ्या कुत्रेवाल्याने नेमकं तेच केलं. मग मदत विभागात फॉर्म भरा, प्रोफाइलचं नाव आठवा, स्क्रीनशॉट जोडा, आणि उत्तर काय तर 'आम्ही योग्य ती कारवाई करू'. वरातीमागून घोडं. म्हणून खटकलं की लगेच स्क्रीनशॉट, आणि आधी रिपोर्ट मग बाकीचं. त्याला 'तू फ्रॉड आहेस' हे सुनावायचा मोह टाळा, सुनावलंत की तो पुढच्या सेकंदाला पसार.

पेड प्लॅनबद्दल जास्त काही नाही. कोणी लाइक केलं ते दिसतं, टिकवालेच दाखवा असा फिल्टर मिळतो. सुरक्षितता म्हणून त्यात वेगळं मला काही दिसलं नाही, उलट पैसे भरणारे लोक जास्त खरे असतील असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. या धंद्यात कंपनीचा फायदा कशात आहे हेही बघा. २०१९ मध्ये एफटीसीने टिंडर वगैरे अ‍ॅप्स चालवणाऱ्या मॅच ग्रुप या कंपनीवर खटला भरला, त्यात एक आरोप असा होता की फसवे म्हणून आधीच खूण केलेल्या अकाउंट्सचे लाइक आणि मेसेज दाखवून फुकट वापरणाऱ्यांना सबस्क्रिप्शन घ्यायला लावलं. कंपनीने आरोप नाकारले, त्या अकाउंट्सचा मुद्दा २०२२ मध्ये कोर्टाने तिथल्या कायद्यातल्या संरक्षणामुळे बाजूला काढला, आणि गॅरंटी, कॅन्सलेशन वगैरे उरलेल्या मुद्द्यांवर २०२५ मध्ये १.४ कोटी डॉलरला तडजोड झाली. माझं अ‍ॅप असं करतं असा माझा दावा अजिबात नाही, पण 'तुम्हाला एका व्यक्तीने पसंत केलंय, बघण्यासाठी अपग्रेड करा' हे नोटिफिकेशन आलं की मी ते आता वेगळ्या नजरेने वाचते.

आणि हो, अ‍ॅपवर नाही म्हणून सुरक्षित असं समजणाऱ्यांसाठी, एफटीसीच्या त्याच २०२२ च्या आकड्यांत पैसे गमावलेल्यांपैकी ४० टक्के लोकांची ओळख सोशल मीडियावर झाली होती, वेबसाइट किंवा अ‍ॅपवर १९ टक्के. म्हणजे इन्स्टावर आलेला तो अनोळखी 'हाय' पण याच खात्यातला धरा.

तर अडीच स्टार कशाचे? एक टिकेला, एक अ‍ॅपमधल्या व्हिडिओ कॉलला, अर्धा रिपोर्टच्या बटणाला. अनमॅच झाल्यावर पण रिपोर्ट करता यायला लागलं तर उरलेला अर्धा लगेच देईन. तोपर्यंत अ‍ॅप फोनमध्ये ठेवलंय, चांगली माणसंही भेटलीत त्यावर, पण पेड प्लॅनचं ऑटो रिन्यूअल बंद केलंय, आणि ते बंद करायचं बटण सापडायला जेवढा वेळ लागला त्यावर वेगळा रिव्ह्यू लिहावा लागेल.