एकच खिचडी, दोन ताटे: स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा

व्यायामशाळेतून परतणाऱ्या नवऱ्याला भरपेट जेवण हवे आणि बैठे काम करणाऱ्या मला मोजके, अशा घरात रात्री दोन स्वयंपाक करत बसण्यापेक्षा कुकरला एकच मुगाची खिचडी लावून ती तोलून वाढणे किती सोयीचे आहे, हे या पाच किलो क्षमतेच्या काट्यामुळे पटले. भांडे ठेवून शून्याचे बटण दाबले की केवळ अन्नाचे वजन दिसते. खरी गफलत तुपात होते: १० ग्रॅम तूप म्हणजे जवळजवळ ९० कॅलरी, आणि तेच आपण डोळे झाकून वाढतो. त्याच्या खिचडीवर तूप नि भाजलेले शेंगदाणे, माझ्या ताटात काकडीची कोशिंबीर जास्त. मोठ्या ताटाखाली आकडे झाकले जातात, ही मात्र गैरसोय आहे; त्यामुळे वाटीतच तोलावे लागते.