‘आत १७ गेम आहेत’ म्हणून विकला जाणारा स्विच घेऊ नका

२२,३०० रुपये दिले. त्यातले १३,००० स्विच लाइटचे (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल), ७,५०० ‘आत टाकलेल्या १७ डिजिटल गेमचे’ आणि १,८०० गेमच्या दोन बॉक्सचे. कन्सोल चालतो. उरलेल्या ९,३०० रुपयांत पदरात पडलं ते एक कार्ट्रिज, म्हणजे गेमचं छोटं कार्ड, आणि एक रिकामा डबा.

व्यवहार ऑक्टोबर २०२४ मधला. जुन्या वस्तूंच्या साइटवरची जाहिरात, स्टेशनबाहेर भेट, यूपीआयने पैसे. हा साचा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण यात ओटीपी नव्हता, लिंक नव्हती, खोटा क्यूआर नव्हता. वस्तू हातात घेऊन, चालू करून, गेम उघडून बघितल्यावर फसवणूक झाली, म्हणून लिहितोय.

डिजिटल गेम कन्सोलचा नसतो, खात्याचा असतो. एप्रिल २०२५ च्या अपडेटआधी त्या खात्याचा एकच कन्सोल ‘प्रायमरी’ असे आणि त्यावर गेम नेटशिवाय चालत. तेच खातं दुसऱ्या कन्सोलवर टाकता येई, गेम उतरवताही येत, पण तिथे गेम उघडताना सर्व्हरला विचारावं लागे. तेच खातं दुसरीकडे खेळायला लागलं की इथला गेम मधेच थांबे. विक्रेत्याने प्रायमरी कन्सोल स्वतःकडे ठेवला आणि दुसऱ्यावर खातं टाकून तो विकला. अशी एका खात्यावर किती गिऱ्हाइकं केली, त्यालाच ठाऊक.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून तिडीक जाते. कन्सोल सुरू करताना तो म्हणाला, “दादा, माझं हॉटस्पॉट जोडून देतो, अपडेट असेल तर होऊन जाईल.” गेमच्या चित्रावर बोट ठेवलं. पडद्यावर मधोमध इंग्रजीत ओळ आली, हे सॉफ्टवेअर खेळता येईल का ते तपासत असल्याची. शेजारी गोल फिरत राहिलं. तीन-चार सेकंदांनी गेम सुरू झाला. दुसरा गेम उघडला, पुन्हा तीच ओळ. प्रायमरी कन्सोलवर ही ओळ येत नसे! हे माहीत होतं, आणि तरी मनाने घेतलं की हॉटस्पॉट मंद आहे. होमचं बटण दाबून धरायचं, एअरप्लेन मोड चालू करायचा आणि तोच गेम पुन्हा उघडायचा. दहा सेकंदांचं काम, तिथल्या तिथे उघडा पडला असता.

मूर्खपणा होता का? थोडा होता. पण त्याचं बोलणं अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यालाच माणूस फसतो. थ्रीडीएस या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला बंद झाली, तेव्हा आत गेम असलेल्या यंत्राला किंमत येणारच, असं तो म्हणाला. दुकान बंद झालं हे खरंच. भारतात निन्टेन्डोची अधिकृत विक्री नाही, कार्ट्रिज बाहेरून येतात आणि महाग पडतात, हेही खरं. फक्त ७,५०० भागिले १७ हा हिशेब तिथेच करायला हवा होता. गेमला ४४१ रुपये! त्या भावात नवा तर सोडाच, वापरलेला बरा कार्ट्रिजही मिळत नाही.

चौथ्या दिवशी खेळता खेळता गेम थांबला : हे खातं दुसऱ्या कन्सोलवर वापरात आहे. मग दिवसातून चारदा तेच. विक्रेत्याचा फोन बंद. शेवटी त्याचं खातं काढून टाकलं, तर सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, तेही गेले, कारण स्विचवर सेव्ह यूजरला बांधलेले असतात आणि ते कन्सोलच्या मेमरीत राहतात, मेमरी कार्डावर नाही. तेव्हा अशा खात्यावर तासन् तास घालवू नका.

दुसरा बॉक्स घरी उघडला. आत कार्ट्रिज नाही, १६ अक्षरांच्या कोडचा कागद, आणि कोड आधीच वापरलेला. असल्या बॉक्सच्या पुढच्या बाजूला खाली पट्टी छापलेली असते की आत फक्त डाउनलोड कोड आहे. नेमक्या त्या पट्टीवर किमतीचं स्टिकर चिकटवलेलं होतं. स्टिकर नखाने काढून बघा, समोरच्याला राग आला तर येऊ द्या. ५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ मध्ये आणखी एक प्रकार आहे, गेम-की कार्ड. कार्ट्रिज खरा, पण त्यात गेम नाही. गेम नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड आतच ठेवायचं. ते पुढे विकता येतं, पण कंपनीचा सर्व्हर गेला की नव्याने गेम उतरवता येणार नाही. बॉक्सवर किल्लीचं चिन्ह असतं. भरलेल्या कार्ट्रिजचे पैसे त्याला देऊ नका.

आता तक्रारीचं. ठाण्यात पहिलाच प्रश्न, “यंत्र मिळालं ना? चालतं ना? मग फसवणूक कसली?” दुसरा, “खेळण्याला एवढे पैसे?” खातं, परवाना, प्रायमरी हे तीनदा समजावून सांगितलं, तर सायबर कक्षात जायला सांगितलं. सायबर कक्ष म्हणतो, समोरासमोर भेटून व्यवहार झाला, ठाण्यात जा. परत ठाण्यात आल्यावर कळलं की स्टेशनचा तो भाग दुसऱ्या हद्दीत येतो. बँकेचं उत्तर, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवले. साइटचं उत्तर, आम्ही फक्त जाहिराती दाखवतो. पाच ठिकाणी पाच अर्ज, एकाही ठिकाणी कुणी विक्रेत्याचा नंबर वहीत उतरवून घेतला नाही. ९,३०० ही लहान रक्कम आहे म्हणे. ज्याने ती महिनोन् महिने बाजूला टाकली त्याला विचारा.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने घ्यायची असते. फसवणुकीचं कलम न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे जुनं ४२०. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येते. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीच काढा, दोन दिवसांत जाहिरात गायब होते. विक्रेता दुकानदार असेल तर ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही.

एअरप्लेन मोडची चाचणीही पुरेशी नाही. एप्रिल २०२५ च्या अपडेटपासून डिजिटल गेम ‘व्हर्च्युअल गेम कार्ड’ म्हणून कन्सोलमध्ये भरला जातो आणि नेटशिवाय उघडू शकतो, पण खातं विक्रेत्याचंच राहतं. म्हणून सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन कन्सोल समोर इनिशियलाइज करायला, म्हणजे आतलं सगळं पुसायला लावा. त्यानंतर जे उरेल त्याचेच पैसे. लगेच स्वतःचं खातं टाकून ई-शॉप, म्हणजे निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान, उघडा. २१२४-४००७ हा एरर आला तर कन्सोलवर बंदी आहे, तो घेऊ नका.

कार्ट्रिजही डोळे झाकून घेऊ नका. गेमबॉय अॅडव्हान्स या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलचे नकली ढिगाने आहेत. खऱ्याच्या लेबलवर दाबून उमटवलेले बारीक अंक असतात, आणि खालून बघितलं तर पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डो हे नाव दिसतं. नकली सुरुवातीला नीट चालतो, मग एक दिवस सेव्ह उडतो. सोनीच्या पीएसपी कन्सोलच्या यूएमडीचे, म्हणजे प्लास्टिकच्या कवचातल्या छोट्या डिस्कचे, प्लास्टिकचे दोन भाग कडेला सुटतात, ते नख लावून बघा, आणि डिस्क घालून गेम मेनूच्या पुढपर्यंत नेऊन बघा. त्यात पीएसपी गो, म्हणजे २००९ चं मॉडेल, कुणी ‘गेमसकट’ देत असेल तर त्यात यूएमडी बसतच नाही, सगळं खात्यावर असतं. खातं कुणाचं, हे विचारा.

माझ्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. तिच्यावर ठाण्याचा शिक्का आहे, तारीख आहे, आवक क्रमांकाची जागा कोरी आहे.