तीन वेशांतली आव्हलिन : ‘ॲसॅसिन्स क्रीड लिबरेशन’

‘ॲसॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेत केंद्रस्थानी स्त्री असलेला पहिला खेळ म्हणजे ‘लिबरेशन’. तो २०१२ मध्ये प्लेस्टेशन व्हिटा या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आला. हे परीक्षण २०१४ च्या सुधारित एचडी आवृत्तीचे आहे.

श्रीमंत फ्रेंच व्यापारी आणि त्याने विकत घेतलेली आफ्रिकी स्त्री यांची मुलगी असलेली आव्हलिन द ग्रांप्रे अठराव्या शतकात अमेरिकेतल्या लुइझियाना या फ्रेंच वसाहतीतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात वाढते आणि पुढे मारेकरी बनते. फ्रान्सने १७६२ च्या गुप्त तहात लुइझियाना स्पेनला देऊन टाकले होते आणि १७६६ मध्ये अंतोनियो दे उलोआ हा स्पॅनिश गव्हर्नर तिथे दाखल झाला. आपल्याला न विचारताच झालेल्या या हस्तांतरणाची फ्रेंच रहिवाशांमधली चीड कथानकाला पार्श्वभूमी पुरवते. पण आव्हलिनचे बंड गुलामगिरीविरुद्ध आहे, आणि त्यात तिच्या स्वतःच्या घरातल्या सुबत्तेचाही प्रश्न येतो.

या बंडाला खेळात रूप देणारी तिच्या तीन वेशांची योजना मला अतिशय मोलाची वाटते. उंची झगा घातलेली सरदारी बाई भिंतीवर चढू शकत नाही, परंतु अधिकाऱ्यांना शब्दांत गुंतवून बंद दारे उघडून घेते आणि छत्रीत लपवलेल्या नळीतून विषारी बाण मारते. गुलामाच्या कपड्यांत खांद्यावर खोके घेतले की तिच्याकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही. मात्र जरा धावाधाव केली की पहारेकऱ्यांचा संशय झपाट्याने वाढतो. मारेकऱ्याच्या वेशात शस्त्रे भरपूर असतात, पण तिथे संशय कधीच पूर्णपणे मावळत नाही. माणूस एकच असूनही समाज कपडे पाहून वागणूक ठरवतो, ही गोष्ट संवादांतून सांगण्याऐवजी खेळणाऱ्याच्या हातांना जाणवून दिली आहे.

दुर्दैवाने कथानकाला ही उंची गाठता येत नाही. वर्षे भराभर उलटतात, आणि दलदलीत राहणारा तिचा गुरू आगाते याच्याशी तुटत जाणारे नाते मुरायला वेळच मिळत नाही. मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या प्राचीन माया नगरीचा भाग देखणा आहे, मात्र तिथे नेलेल्या गुलामांची वस्ती अधिक सविस्तर दाखवायला हवी होती. कित्येक मोहिमा सुरू होता होताच संपतात, याची मला मनापासून खंत वाटते.

हा इतिहास एका कंपनीने करमणुकीसाठी कापून-छाटून विकला आहे, अशी खेळाची चौकट आहे. त्यामुळे अधूनमधून दिसणाऱ्या ‘सिटिझन ई’ नावाच्या व्यक्तींना गाठून मारल्यावरच दडवलेली दृश्ये खुली होतात. पहिल्यांदा खेळताना त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण आव्हलिनच्या कथेचा खरा शेवट त्यांना शोधल्याशिवाय दिसत नाही.