नाशकात चाकूला धार लावायची तर भांडी बाजारामागच्या बोळात

स्वयंपाकाच्या चाकू-सुऱ्यांना धार लावून घ्यायची असेल तर मी नाशकात एकच जागा सांगेन: भांडी बाजाराच्या मागच्या बोळातलं, दाराशी कात्र्या टांगलेलं छोटं दुकान. पाटीवरची अक्षरं उडाली आहेत. ‘धारवाले काका कुठे बसतात’ असं कुठल्याही भांडीवाल्याला विचारा, तो बोट दाखवेल.

मी इंदिरानगरला पोळीभाजीचे डबे करते. रोज सकाळी कांदा किलोंनी चिरायचा असतो, त्यात कोबी, गवार, दोडका. हाताखाली दोघी जणी आहेत. धार गेली की आमच्याकडे सगळंच अडतं. बोथट सुरीखाली कांदा चिरला जात नाही, चेचला जातो. पेशी जास्त फुटतात, म्हणून डोळ्यांना झोंबणारा वायूही जास्त सुटतो. आमच्या लासलगावकडचा उन्हाळ कांदा तर विचारू नका. शिवाय बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती टोमॅटोच्या सालीवरून घसरून बोटावर येते. धारदार सुरीची भीती वाटणाऱ्या बायकांना मी हेच सांगते, की बोथट सुरीही बोट कापते.

काकांचं काम का आवडलं ते जरा सविस्तर सांगते, कारण धार लावणारे पुष्कळ आहेत आणि फरक पटकन दिसत नाही.

त्यांच्याकडे मोटरवरचं एमरीचं, म्हणजे घासायच्या खरखरीत दगडाचं, चाक आहेच, पण ते त्याच्यावर फार वेळ काढत नाहीत. पातं एकदा चाकावरून ओढलं की लगेच शेजारच्या पाण्याच्या डब्यात बुडवतात. पुन्हा ओढतात, पुन्हा बुडवतात. पात्याच्या पाठीवर उघडी बोटं टेकवलेली असतात, हातमोजा नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ताई, बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात गेलं पाहिजे. मोजा घातला तर मला कळणार कसं?”

याचं महत्त्व मला आधीच पटलेलं होतं. आमच्या कॉलनीत दारावर येणाऱ्या, मोटरवर धार लावणाऱ्या एकानं माझी जुनी लोखंडी सुरी कोरड्या चाकावर धरून ठेवली होती. ठिणग्या खूप उडाल्या, धारही लागली, पण टोकाकडे निळा पट्टा उमटला. लोखंडी पातं घडवताना ते लाल तापवून विझवतात, त्यानं ते कडक होतं. मग साधारण 200 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. नंतर कधी पातं त्याहून बरंच जास्त तापलं तर कडकपणा कमी होतो. निळा रंग दिसला म्हणजे उष्णता 300 अंशांच्या घरात पोचली होती, पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. धारेची कड पातळ असते, त्यामुळे ती क्षणात तापते. त्या सुरीच्या टोकाला नंतर कितीही धार लावली तरी आठवडाभर टिकेना. काकांनी ती पाहून तेवढा निळा भाग हळूहळू घासून काढला. सुरी बोटाच्या पेराइतक्या लांबीनं आखूड झाली, पण आज ती पुन्हा कांद्यावर चालते.

चाकाचं काम झालं की खरी धार सपाट दगडावर लागते. एका बाजूला खरबरीत, दुसऱ्या बाजूला बारीक असा कार्बोरंडमचा जोड दगड, वर पाणी. इथे काका बोलत नाहीत. पातं दगडावर एकाच कोनात ठेवून मुठीजवळच्या टाचेपासून टोकापर्यंत ओढतात. रोजच्या स्टीलच्या सुरीला दोन्ही बाजूंनी साधारण 20 अंश. एक बाजू पुरेशी घासली की विरुद्ध बाजूच्या कडेला धातूची बारीक लव उभी राहते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम केलेले लोक तिला ‘बर’ म्हणतात. ही बर निघाली नाही तर सुरी दुकानात कागद सर्रकन कापते आणि घरी दोन दिवसांत बसते. काका ती बारीक दगडावर हलक्या हातानं, बाजू पालटत पालटत काढतात, मग चामड्याच्या पट्ट्यावर पातं उलटं ओढतात. शेवटी कापसाचा बोळा कडेवरून हळूच फिरवतात. तंतू अडकला की तिथे अजून बर आहे, पातं परत दगडावर. ही कापसाची तपासणी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो इथे.

आणि जे जमणार नाही त्याला ते सरळ नाही म्हणतात. माझी पाव कापायची दातेरी सुरी त्यांनी परत दिली, कारण त्यांच्या चाकावर दाते सपाट झाले असते. सिरॅमिकचा चाकूही घेत नाहीत, त्याला हिऱ्याचा दगड लागतो. भाचीनं आणलेला जपानी चाकू मात्र चाकाला अजिबात न लावता फक्त दगडावर केला, कोन कमी ठेवून, 15 अंशांच्या आसपास. तसलं पोलाद जास्त कडक असतं, पातळ धार त्याला झेपते. पण हाड किंवा नारळ त्याच्याखाली आला तर कडेचा टवका उडतो, हेही त्यांनी भाचीला बजावून सांगितलं.

विळीसाठीही जा. आमच्याकडे मेथी अजून विळीवरच चिरली जाते आणि विळीचं पातं वाकडं असल्यामुळे घरच्या दगडावर ते नीट बसत नाही. मात्र पाटासकट आणू नका. पाटापासून पातं सोडवून न्यावं लागतं, नाहीतर काका आधी स्क्रू काढत बसतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. विळी नवीनच हवी असेल तर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात लोहारांकडे बघा. त्यांची पाती चांगली निघतात, पहिली धार फक्त काकांकडून लावून घ्या.

दर मी गेले तेव्हाचे: साधी सुरी 30 रुपये, मोठा चाकू 50, शिंप्याची कात्री 80, विळी 60. दारावरचा माणूस यापेक्षा स्वस्तात करतो. सायकल स्टँडवर चढवून पेडल मारत दगड फिरवणारे जे मोजके लोक अजून दिसतात, त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पायानं फिरणाऱ्या दगडाला वेग कमी, त्यामुळे पातं फारसं तापत नाही. कोरड्या मोटरीपेक्षा मी त्यांच्याकडे सुरी निर्धास्त देईन. पण बर काढणं, बारीक दगड, हे तिथे होत नाही.

आता तक्रारी. वेळेचा भरवसा नाही. ‘तासाभरात या’ म्हणतात आणि संध्याकाळ होते. ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीच्या आधी तर जाऊच नका. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडचे बागायतदार छाटणीच्या कात्र्यांच्या पिशव्या घेऊन आलेले असतात, आणि त्यांचं काम आधी होणं मला योग्यच वाटतं, कारण बोथट कात्रीनं काडी चिरडली तर वेलीला इजा होते. पण आपली सुरी दोन-तीन दिवस अडकते. गाडी लावायला जागा नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे गावातला कुठला रस्ता कधी बंद असेल सांगता येत नाही, म्हणून मी रविवार कारंजापर्यंत रिक्षानं जाते आणि पुढे चालते. टोकदार सुरीचं टोक कधीकधी जरा गोल होऊन येतं. मला चालतं, पण मासे साफ करणाऱ्यांनी देतानाच सांगावं.

घरी काय करावं? खाचेत सुरी ओढायची छोटी यंत्रं मिळतात, ती मी टाकून दिली. धातू फार खातात आणि कड खडबडीत सोडतात. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून जोड दगड घ्या. दगडाचा नंबर जितका मोठा तितका कण बारीक. घरच्या सुऱ्यांना 1000 नंबरची बाजू पुष्कळ झाली. दगड ओट्यावर ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. सुरीची पाठ दगडापासून साधारण करंगळीच्या जाडीइतकी उचला आणि कोन बदलू देऊ नका. वेगाची गरज नाही. महिन्यातून एकदा पाच मिनिटं एवढं केलं तर वर्षातून दोनदा काकांकडे जाणं पुरतं.

धार टिकवायची तर काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या पाटावर चिरणं आजच बंद करा. ओट्यावर थेट चिरणंही तेच. लाकडी पाट वापरा. चिरलेली भाजी पातेल्यात सारायला धारेची बाजू घासत नेऊ नका, सुरी उलटी करून पाठीनं सारा. सिंकमध्ये भांड्यांच्या ढिगात सुरी टाकू नका. कड आपटते, आणि भांडी घासणाऱ्या ताईंच्या हाताचाही विचार करा.

जाताना सुऱ्या जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, पाती एकमेकांवर घासणार नाहीत अशा न्या. प्रत्येकीवर चिठ्ठी लावा, कारण काका पावती देत नाहीत. आणि कुठली सुरी कशाला वापरता ते सांगा. मटणाच्या सुरीला ते जाडसर, जास्त कोनाची धार लावतात, टोमॅटो-कांद्याच्या सुरीला बारीक. काही बोलला नाहीत तर सगळ्यांना एकच धार लागून येते. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. पैसे फोनवरून घेतात.