ॲटलस डेझी की गझानिया? मराठवाड्यातल्या खडकबागेसाठी

दगडांच्या फटीत पसरणारं डेझीसारखं फूल हवंय? मग बियाणं शोधताना ही दोन नावं हमखास समोर येतात. फोटोत ॲटलस डेझीच बाजी मारते. मोरोक्कोच्या ॲटलस पर्वतातलं हे झाड जमिनीला चिकटून वाढतं, उंची फार तर 10 सेंमी. पानं करडी-हिरवी, शेपूच्या पाल्यासारखी बारीक. पाकळी वरून पांढरी, खालून लाल. आभाळ आलं की फूल मिटतं आणि नुसता लाल रंग दिसतो. देखणं आहे, यात वाद नाही.

पण तिला थंडी चालते, मुळाशी ओल चालत नाही. आपल्याकडे श्रावणात झड लागली की काळ्या रानाला आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. तेवढ्यात तिचं जाड सोटमूळ सडून जाईल. त्यातून वाचलीच, तर तिचा फुलण्याचा काळ वसंत ते उन्हाळा. त्या दिवसांत परभणी-नांदेडला पारा 42 च्या पुढे आणि रात्रीही गारवा नाही. म्हैसमाळला हवा जरा बरी, पण पावसाची ओल तिथेही आहेच.

गझानिया दक्षिण आफ्रिकेची. उंची 20 ते 30 सेंमी, म्हणजे तितकी बसकी नाही. फूल मात्र मोठं, पिवळं-केशरी, मध्ये गडद कडं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बी टाकलं की सरत्या थंडीपासून उन्हं तापेपर्यंत फुलत राहते. बहुवर्षायू म्हणून विकतात. आपण एका हंगामाचीच धरावी, पावसाळ्यात तीही सडते. जमीन काळी असेल तर मुरूम घालून उंच वाफा करा.

एक मात्र दोघींचं सारखं: संध्याकाळी फुलं मिटतात. सकाळी ड्युटीवर जाऊन दिवेलागणीला परतणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

माझं मत गझानियाला. ॲटलसची हौसच असेल तर बी ऑक्टोबरात कुंडीत लावा, अर्धी माती, अर्धी जाड वाळू, आणि पावसात कुंडी छपराखाली. बी मागताना ‘ॲटलस डेझी’च म्हणा. औषधातला अक्कलकारा तिच्याच जातीचा खरा, पण नर्सरीत त्या नावाने बहुधा पिवळ्या बोंडांचं, चावल्यावर जीभ बधिर करणारं दुसरंच झाड मिळतं.