स्टिअरिंग जड, इंजिन दबतंय : सियागंजातलं चार गेजचं किट कितपत कामाचं?

चार गेज, तीन बारीक होज, नऊ टेस्ट पॉइंट (गेज जोडायची तोंडं) आणि सहा टी (लाइनला फाटा काढणारे जोड), एका प्लास्टिकच्या पेटीत. हायड्रॉलिक तेलाचा दाब मोजायचं हे किट इंदूरच्या सियागंज बाजारात बिननावाचं मिळतं. पेटीवर कंपनीचं नाव नसतं, गेजच्या तबकडीवर फक्त बार आणि पीएसआय ही दाबाची मापं. देवास नाक्यापासून पीथमपूरपर्यंत ज्या गॅरेजांत बॅकहो लोडरचं (पुढे बकेट, मागे खोदायचा हात असलेल्या मशीनचं) स्टिअरिंग जड झालं की पहिला पाना हायड्रॉलिक पंपाला लागतो, त्या प्रत्येक गॅरेजात हे किट असायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. किटात उणिवा आहेत आणि त्यातली एक मोठी आहे. तरीही पंप उतरवून, सील किट टाकून, परत चढवून स्टिअरिंग होतं तसंच जड, हे चित्र इतकं नेहमीचं आहे की दहा मिनिटांत खरं कारण दाखवणारी वस्तू हाताशी नसणं परवडत नाही.

आधी गेजबद्दल. आम्ही पाहिलेल्या किटात ६०, २५०, ४०० आणि ६०० बारचे गेज आहेत, सगळे ग्लिसरीन भरलेले. ग्लिसरीनमुळे काटा थरथरत नाही आणि आकडा नीट वाचता येतो. तबकडीवर खाली बारीक अक्षरात १.६ लिहिलेलं असतं. तो अचूकतेचा वर्ग. त्याचा अर्थ चूक पूर्ण स्केलच्या १.६ टक्के, समोर दिसणाऱ्या आकड्याच्या नव्हे. म्हणजे ६०० च्या गेजवर साडेनऊ बारपर्यंत इकडेतिकडे, ४०० वर सव्वासहा-साडेसहा, २५० वर चार. स्टिअरिंगचं प्रेशर १५०-१७५ च्या आसपास असेल तर २५० चा गेज लावायचा. गेज फुटेल या भीतीने पुष्कळ जण सरसकट ६०० चा लावतात आणि मग दहा बारची तूट दिसतच नाही. काटा स्केलच्या मधल्या भागात येईल असा गेज निवडायचा, एवढा नियम पुरे.

गेजच्या डोक्यावर रबरी बूच असतं, त्याचं टोक कापायचं असतं किंवा छोटी कळ उघडायची असते. इंदूरच्या मे महिन्यात पेटी उन्हात राहिली की आतलं ग्लिसरीन फुगतं, आत दाब धरतो आणि काटा शून्यावर बसत नाही. असा गेज खराब म्हणून परत करू नका. बूच उघडा, काटा जागेवर येतो. उघडूनही आला नाही, तर मात्र परत करा.

आता स्टिअरिंग. तेल साधारण ५० अंशांपर्यंत गरम करा, बकेट जमिनीवर टेकवा, तेलाची पातळी बघा. इंजिन बंद करून सगळे लिव्हर आणि स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून दाब सोडा. मग प्रायॉरिटी व्हॉल्व (पंपाचं तेल आधी स्टिअरिंगला देणारा) आणि स्टिअरिंग युनिट (स्टिअरिंग फिरवलं की तेल सिलिंडरकडे सोडणारं) यांच्या मधल्या लाइनमध्ये टी बसवा आणि त्यावर २५० चा गेज. स्टिअरिंग एका बाजूला टोकापर्यंत नेऊन पाच सेकंद धरा, त्याहून जास्त नको, तेल उगाच तापतं. आधी आयडलला, मग १५०० आरपीएमला, आणि दोन्ही दिशांना. चार आकडे कागदावर लिहा. किती बार हवेत ते मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचं, आणि तो आकडा कुठल्या टेस्ट पॉइंटवरचा आहे तेही तिथेच बघायचं.

या चार आकड्यांत जवळपास सगळं असतं. चारही आकडे पुस्तकाप्रमाणे आहेत आणि तरी स्टिअरिंग जड आहे, तर हायड्रॉलिकला हात लावू नका. पुढच्या एक्सलकडे जा. बकेट दाबून पुढची चाकं उचला, खाली भक्कम स्टँड द्या, इंजिन बंद करा, स्टिअरिंग सिलिंडरचा जोड चाकापासून सोडवा (जोडलेला असेल तर अडकलेलं तेल चाक वळू देत नाही) आणि चाक हाताने वळवून बघा. माळव्याची काळी माती किंगपिनच्या (ज्या उभ्या पिनवर चाक वळतं तिच्या) सीलभोवती ओली चिकटते, वाळून विटेसारखी होते आणि सीलची कड खाते. मग ग्रीस बाहेर, माती आत. निपलला ग्रीस गन लावली तरी ग्रीस शिरत नाही, निपलच्या बाजूने परत येतं. चाकं उचललेली असतानाच ग्रीस मारा. एक्सलचं वजन पिनवर असेल तर खालच्या थ्रस्ट बाजूला ग्रीस पोचत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. सोबत पुढच्या टायरमधली हवाही बघा.

आयडलला प्रेशर कमी आणि १५०० ला पूर्ण, असं असेल तर तेल कमी पोचतंय. पंप झिजला असेल, सक्शनची जाळी तुंबली असेल किंवा प्रायॉरिटी व्हॉल्वचा स्पूल (आत सरकणारा दांडा) अडकत असेल. हा शेवटचा ओळखायची खूण अशी, की लोडर किंवा बूम चालवतानाच स्टिअरिंग जड होतं, एरवी हलकं. व्हॉल्वचं काम आधी स्टिअरिंगला तेल देणं आणि उरलेलं पुढे सोडणं हे असतं. स्पूलमध्ये कचरा बसला किंवा सिग्नलची बारीक लाइन तुंबली की हा क्रम बिघडतो. पंप उतरवण्याआधी हा स्पूल काढून डिझेलने धुवा, बोटाच्या हलक्या धक्क्याने तो आपल्या भोकात सरकला पाहिजे.

दोन्ही आरपीएमला आणि दोन्ही दिशांना प्रेशर सारखंच कमी असेल तर संशयित तीन: रिलीफ व्हॉल्व (ठरलेल्या दाबावर उघडून जादा तेल सोडणारा), स्टिअरिंग युनिट, सिलिंडरचं पिस्टन सील. सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन्ही लाइन दाब सोडून खोला, त्यांना योग्य दाबाचे स्टीलचे प्लग लावा आणि पुन्हा बघा. आता प्रेशर पूर्ण आलं तर सिलिंडर गळतोय. नाही आलं तर रिलीफ किंवा युनिट. प्लग लावलेले असताना जोर लावून धरलं की स्टिअरिंग थोडं सरकतं. चांगल्या युनिटमध्येही ते सरकतंच, किती चालतं ते मॅन्युअलमध्ये असतं. आणि डावीकडे पूर्ण, उजवीकडे कमी असं आलं, तर पंप आणि रिलीफ दोघेही निर्दोष. ते दोन्ही दिशांना एकच असतात. दोष बहुधा कमी दाखवणाऱ्या बाजूच्या शॉक व्हॉल्वमध्ये (चाकाला बसलेल्या धक्क्याचा दाब सोडणाऱ्या, प्रत्येक बाजूला वेगळ्या व्हॉल्वमध्ये) आहे. हे चौथं निदान गेजशिवाय कितीही अनुभवी उस्तादाला करता येत नाही, आणि नेमक्या याच दोषासाठी चांगले पंप उतरवले जातात.

एक गोष्ट गेज दाखवत नाही. युनिट खोलून परत बसवल्यावर इंजिन सुरू करताच स्टिअरिंग आपोआप फिरू लागलं, तर आतल्या शाफ्टची आणि रोटरची खूण चुकली आहे. ताबडतोब इंजिन बंद करा. रोटर आणि शाफ्टचे दात एकमेकांशी नेमक्या जागी बसावे लागतात, म्हणून खोलण्याआधी पेन्सिलने रेघ ओढायची.

इंजिनच्या तक्रारीत किटाची खरी कमाई आहे, आणि तिथेच ते अपुरंही आहे. "बकेट भरताना इंजिन दबतं" ही तक्रार घेऊन मशीन आलं की बहुतेक ठिकाणी डिझेल पंप आणि नोझल खोलले जातात. त्याआधी मेन रिलीफच्या टेस्ट पॉइंटवर ४०० चा गेज लावा, क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून टॅकोमीटरने आरपीएम मोजा आणि लोडरचा सिलिंडर टोकाला नेऊन रिलीफ उडवा. प्रेशर कमी आणि आरपीएम टिकून, तर पंप किंवा रिलीफ कमजोर. प्रेशर बरोबर आणि आरपीएम खूप पडतोय, तर इंजिन खरंच कमजोर. प्रेशर पुस्तकापेक्षा जास्त आणि आरपीएम पडतोय, तर कोणीतरी रिलीफचा पेच आवळलेला आहे.

हा तिसरा प्रकार फार आढळतो. ताकद कमी वाटली की पेच अर्धा फेरा आत, हा अनेकांचा हातखंडा उपाय असतो. हिशोब करून बघा. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. मिनिटाला १०० लिटर आणि २३० बार म्हणजे ३८ किलोवॅट. पेच आवळून २७० केले की ४५. पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर इंजिनकडून आधी ४५ आणि नंतर ५३ मागितले जातात. ७६ हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे साधारण ५६ किलोवॅट, त्यातून पंखा, अल्टरनेटर आणि गिअरबॉक्सचा वाटा जायचा. इंजिन दबणारच. अशा इंजिनचे नोझल बदलून काय होणार? शिवाय होज फुटतात, पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो आणि दोष डिझेलला दिला जातो.

इंजिन खरंच कमजोर निघालं तर पुढची तपासणी या किटाने होत नाही. ६० चा गेज इंजिन ऑइलसाठी निरुपयोगी आहे. १.६ वर्गाप्रमाणे त्यात जवळजवळ एक बारची चूक असू शकते आणि गरम इंजिनचं आयडलचं प्रेशरच एक-दोन बारच्या घरात असतं. ही किटाची सर्वांत मोठी उणीव. ० ते १० बारचा एक आणि उणे एक ते शून्य बारचा व्हॅक्यूमचा एक, असे दोन गेज सुटे विकत घ्या. व्हॅक्यूमचा गेज हायड्रॉलिक पंपाच्या सक्शनलाही चालतो. गिअर पंपाच्या तोंडाशी ०.३ बारपेक्षा जास्त ओढ दिसली तर जाळी किंवा आतून सोललेला सक्शन होज शोधा.

काही गोष्टींना गेज लागतच नाही. वीस मिनिटं चालून इंजिन ढेपाळतं आणि थोडं थांबवलं की परत चालतं, तर आधी टाकीचं झाकण सैल करा. "फुस्स" असा आवाज येऊन इंजिन सुधारलं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. नाही सुधारलं तर टाकीतल्या पाइपच्या तोंडाशी कचरा आहे. वॉटर सेपरेटर आणि लिफ्ट पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) मध्ये फूटभर पारदर्शक पाइप लावला की हवा घेत असेल तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बहुधा बंजो बोल्टचा (डिझेलच्या पाइपच्या पोकळ बोल्टचा) तांब्याचा वायसर पुन्हा तोच वापरलेला असतो. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचे होज आधी.

एका बाबतीत मात्र कडक राहा. चाकांच्या मशीनना २०२१ च्या एप्रिलपासून बीएस सीईव्ही-४ हे धुराचे नियम लागू झाल्यावर कॉमन रेल इंजिनं (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) सर्रास आली आहेत. रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. या किटातला ६०० चा गेज तिथे कधीही लावायचा नाही, आणि जुन्या सवयीने नोझलचा पाइप चालू इंजिनवर सैल करून हवा काढायची नाही. हायड्रॉलिकची बारीक गळतीसुद्धा हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण तासाभरात शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. दुखत नाही म्हणून थांबू नका, थेट दवाखान्यात जा.

होज दोन मिलिमीटर भोकाचे, म्हणून लवचीक. टेस्ट पॉइंटचे आटे एम १६ गुणिले २ चे (१६ मिलिमीटर व्यास, दोन मिलिमीटर अंतर) आहेत, ते बहुतेक ठिकाणी चालतात, त्यामुळे नंतर चांगले होज घेतले तरी याच पेटीत बसतात. टीवरचे आटे मात्र तपासून घ्या. पाव इंची बीएसपी (इंचातले पाइपचे आटे) आणि एम १४ गुणिले १.५ दिसायला सारखेच. दोन फेरे हाताने जातात, मग अडतात, आणि पान्याने रेटलं की ब्लॉकचे आटे जातात.

दुकानात काउंटरवरच एक तपासणी करून घ्या. होजच्या नटाच्या आत मधोमध एक बारीक पिन असते. टेस्ट पॉइंटमधली चेंडूची झडप तीच दाबून उघडते. स्वस्त होजांत ही पिन कधी अर्धा-एक मिलिमीटर आखूड येते. मग नट पूर्ण आवळला तरी झडप उघडत नाही, गेज शून्य दाखवतो आणि चांगला पंप मेलेला समजला जातो. तिन्ही होज शेजारी शेजारी धरा आणि पिना एका पातळीत आहेत का बघा. मग प्रत्येक होज पॉइंटवर आवळून दुसऱ्या टोकाने तोंडाने फुंका. हवा गेली पाहिजे. जो होज हवा सोडत नाही तो तिथेच बदलून मागा.