कोरी म्हणून विकलेली, ३१,८७४ तास चाललेली

१४,६०० रुपये. पुण्याच्या तपकीर गल्लीत, पक्क्या बिलावर, सीलबंद पाकिटातली ८ टीबीची हार्ड डिस्क. शेजारच्या दुकानापेक्षा १,९०० रुपयांनी स्वस्त, एवढाच काय तो लोभ.

लावली तर फिरेचना. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नाही, बायोसमध्येही (संगणक चालू होताच सर्वात आधी चालणारा प्रोग्राम) नाही. दुकानदार म्हणाला, "लिनक्स आहे ना साहेब, त्यामुळे होतं. हा मोलेक्सचा अडॅप्टर घ्या, पैसे नकोत." आणि चालली!

इथेच ट्यूब पेटायला हवी होती. बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर लिनक्सचा संबंध येतो कुठे? ते तर तोवर सुरूही झालेलं नसतं. सर्व्हरच्या बऱ्याच डिस्क साटा पॉवरच्या (डिस्कला वीज देणाऱ्या आजच्या कनेक्टरच्या) तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की बंद राहतात. डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क लांबून बंद-चालू करता यावी म्हणून. मोलेक्सला, म्हणजे जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरला, ३.३ व्होल्टची तारच नसते, म्हणून ती फिरली. कोऱ्या सर्व्हर डिस्कही अशाच वागतात, मान्य. पण मग डेस्कटॉपची म्हणून का विकली? हे सगळं माहीत असून फुकटच्या अडॅप्टरवर खूश होऊन घरी आलो, याचीच जास्त लाज वाटते. (साच्यात ओतलेला तो अडॅप्टर वापरूच नका, आत तारा टेकून पेटतात. तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेप, म्हणजे वीज न जाऊ देणारी चिकटपट्टी, लावा.)

बरं, तपासलं नव्हतं असंही नाही. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींत, 'पॉवर ऑन अवर्स' (चाललेले तास) २ होते. पण तो आकडा शून्य करता येतो. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, तो पुसायचं बहुतेक राहून जातं. जर्मनीत २०२५च्या जानेवारीत हाच प्रकार त्यामुळे उघडा पडला. तो लॉग वाचायला स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामची किमान ७.४ आवृत्ती लागते, माझ्या उबुंटू २२.०४ या लिनक्सवर ७.२ येते, म्हणून मला उशिरा कळलं. त्या लॉगमध्ये ३१,८७४ तास. साडेतीन वर्षांहून जास्त!

दुकानदार म्हणतो, "ही आमचीच कशावरून?" बिलावर फक्त 'हार्ड डिस्क १ नग'. सिरियल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि तो नंबर काउंटरवरच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा.

चौकीत सांगितलं, दिवाणी बाब आहे. सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः दुकानात स्कॅन करून दिलेत, ही ऑनलाइन फसवणूक नाही. मग पुन्हा चौकी. लॉगची छापील प्रत पुढे केली तर साहेब विचारतात, "फार्म म्हणजे शेतीचं का?" तीन खेपा, पार्किंगचे पैसे वेगळे, आणि अर्जावर पोच द्यायलाही टाळाटाळ!

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. तिथेच जा. स्क्रूच्या भोकांतले आटे आणि कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवरचे ओरखडे यांचे फोटो पाकीट फोडतानाच काढा. मी काढले ते नंतर, आणि "हे तुम्हीच पाडलेत" हेही ऐकून घेतलं. डिस्क आता पाकिटात परत घातली आहे. फॉरमॅट केलेली नाही.